सायकलीला पांघरूण नको, इरले हवे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. उलव्यातील आमच्या इमारतीत नववीत शिकणारी एक मुलगी राहते. शाळेत जाण्यासाठी तिला नवी सायकल मिळाली होती. इमारतीच्या तळमजल्यावरील खांबांमधली जागा मोटारींना वाटून दिलेली असल्यामुळे सायकल कुंपणाच्या भिंतीशी, उघड्यावरच उभी राहत असे. जून जवळ आला तेव्हा तिच्या वडिलांनी मला विचारले, "सर, तुम्ही विज्ञान शिकवता. ही सायकल पावसात सांभाळायची कशी?" मी फारसा विचार न करता सांगून टाकले, "प्लास्टिकचा एक जाड कागद आणा आणि हँडलपासून चाकांपर्यंत घट्ट गुंडाळून टाका."

त्यांनी तसे केले. रोज शाळेतून आल्यावर ती मुलगी सायकलीला कागद गुंडाळी, वरून दोरी बांधी आणि सकाळी सोडी. ऑगस्ट उजाडला तेव्हा चेन तांबूस झाली होती, सीटचा दांडा वर-खाली होईना आणि ब्रेक दाबला की तो दाबलेलाच राही. एके दिवशी कागद सोडताना तिने मला हाक मारली. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे टपोरे थेंब लोंबत होते. ती म्हणाली, "काका, पाऊस तर एक थेंबसुद्धा आत गेला नाही, मग हे पाणी आलं कुठून?"

या प्रश्नाने मी ओशाळलो. ज्या विषयावर मी वर्षानुवर्षे वर्गात बोलत आलो, तोच विषय शेजाऱ्याला सल्ला देताना मला आठवला नव्हता. म्हणून या लेखात मी एक मत मांडणार आहे, आणि ते नुसते मत राहू नये यासाठी त्यामागचे विज्ञानही सांगणार आहे. माझे मत असे : उघड्यावर उभ्या राहणाऱ्या सायकलीला पांघरूण घालू नये, तिला छप्पर द्यावे, आणि ते देण्याची जबाबदारी एकट्या सायकलवाल्याची नसून, ज्यांच्या आवारात ती उभी राहते त्या इमारतीची, शाळेची आणि स्थानकाचीही आहे.

उलव्याची हवा

उलवे हा पनवेल तालुक्यातील, सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईचा भाग. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी येथील बामणडोंगरी व खारकोपर या स्थानकांपर्यंत लोकल गाडीचा मार्ग खुला झाला, १२ जानेवारी २०२४ रोजी तो पुढे उरणपर्यंत गेला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. थोड्या वर्षांत येथे पुष्कळ काही बदलले. हवा मात्र पूर्वीचीच राहिली. एका बाजूस खाडी, खारफुटी आणि चिखल, पलीकडे समुद्र. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या पट्ट्यात दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे पडलेले सारे पाणी जागच्या जागी साठून राहिले असते, तर उंच माणूसही त्यात बुडाला असता. त्यात भर म्हणून बांधकामांची धूळ आहे आणि बंदराकडे जाणाऱ्या जड वाहनांनी उडवलेला चिखल आहे.

समुद्राच्या पाण्यात वजनाने सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. लाटा फुटताना अतिसूक्ष्म तुषार उडतात, त्यांतील पाणी वाटेत आटते आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर जमिनीवर येतात. खुल्या समुद्रकिनाऱ्यावर असे कण जितके येतात तितके खाडीकाठी येत नाहीत. पण येतात हे नक्की, आणि आपल्या कथेत त्यांचे काम मोठे आहे.

एका थेंबातील विद्युतघट

लोखंड गंजण्यासाठी दोन वस्तू लागतात : पाणी आणि ऑक्सिजन. यांपैकी एक जरी नसेल तरी गंज चढत नाही. हे आपण सातवी-आठवीत शिकतो. परंतु लोखंड नेमके कोठे खाल्ले जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. केंब्रिज येथील शास्त्रज्ञ यू. आर. एव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे एका थेंबात दाखवून दिले. तो प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करता येतो.

लोखंडाची पट्टी पॉलिशकागदाने घासून स्वच्छ करा. मिठाच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांच्या द्रावणांचे थोडे थेंब मिसळा. या मिश्रणाचा एक मोठा थेंब पट्टीवर ठेवा आणि वाट पाहा. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा दिसेल आणि कड गुलाबी होईल. निळा रंग सांगतो की तेथे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून पाण्यात उतरत आहेत. गुलाबी रंग सांगतो की तेथे ऑक्सिजन व पाणी मिळून ते इलेक्ट्रॉन स्वीकारीत आहेत आणि पाणी अल्कधर्मी होत आहे. कडेला थेंब पातळ असल्यामुळे हवेतील ऑक्सिजन तेथे भरपूर पोहोचतो. मध्यभागी तो कमी पडतो. या फरकामुळे एका थेंबातच एक छोटा विद्युतघट तयार होतो. मीठ त्या घटातील पाण्याला अधिक विद्युतवाहक बनवते, म्हणून घट जोमाने चालतो.

यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की लोखंड खाल्ले जाते ते जेथे ओल आहे पण हवा नीट पोहोचत नाही अशा जागी. चेनच्या कड्यांच्या फटी, सीटच्या दांड्याचा सांधा, वाळलेल्या चिखलाखालची जागा, रंगाचा पापुद्रा उचलला गेला आहे ती जागा. आणि हो, नळीला घट्ट चिकटलेल्या ओल्या प्लास्टिकखालची जागासुद्धा. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. म्हणून तो सांध्यात चढला की पाचर ठोकल्यासारखा अडकून बसतो. सीटचा दांडा हलेनासा होतो तो यामुळेच.

किती पाणी यापेक्षा किती वेळ

सामान्य समजूत अशी, की सायकलीवर जितके पाणी पडेल तितकी ती गंजेल. तसे असते तर तासाभराची मुसळधार सर आठवडाभराच्या रिपरिपीहून घातक ठरली असती. वास्तविक सायकल किती भिजली यापेक्षा ती किती वेळ ओली राहिली, हे अधिक महत्त्वाचे आहे. धातूंच्या गंजण्याविषयीच्या आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात म्हणूनच ओलेपणाचा काळ विचारात घेतला आहे. तापमान शून्य अंशांहून अधिक आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असेल, असे वर्षातील सारे तास ओलेपणाचे म्हणून धरायचे. पाऊस पडला की नाही, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नाही.

आता मिठाकडे वळू. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येकाने पाहिले आहे. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतील बाष्प ओढून घेऊन विरघळू लागते. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते तर सुमारे ३३ टक्क्यांनाच पाणी ओढू लागते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडील हवेची आर्द्रता दिवसाही पुष्कळदा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. म्हणजे सायकलीवर बसलेला मिठाचा कण पावसाशिवायही ओला होतो आणि ओलाच राहतो. असा प्रत्येक कण म्हणजे एव्हान्स यांचा एक छोटा थेंबच होय.

शिवाय पाण्याचा थर पातळ असला म्हणून हायसे वाटून घेऊ नये. पातळ थरातून ऑक्सिजन लोखंडापर्यंत लवकर पोहोचतो. त्यामुळे पाण्यात पूर्ण बुडालेल्या खिळ्यापेक्षा नुसता दमट राहिलेला खिळा पुष्कळदा अधिक वेगाने गंजतो.

प्लास्टिकच्या आत काय घडते?

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. सायकल संध्याकाळी ओलीच घरी आली. ती ओल्या जमिनीवर उभी राहिली आणि वरून कागद गुंडाळला गेला. आतली हवा लवकरच बाष्पाने संपृक्त झाली. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर संपृक्त हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते, २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅम. म्हणजे पाच अंशांनी हवा निवली की प्रत्येक घनमीटरमागे सात ग्रॅम पाणी सुटलेच पाहिजे.

सुटीच्या दिवशी सायकल दिवसभर गुंडाळलेलीच राहते, तेव्हा हिशेब आणखी वाईट होतो. दुपारी ढग फाटून ऊन पडते. प्लास्टिकच्या आत हवा तापते. समजा, ती ४० अंशांपर्यंत गेली. या तापमानाला संपृक्त हवेत घनमीटरमागे सुमारे ५१ ग्रॅम बाष्प मावते, आणि ते पुरवायला खाली ओली जमीन आहेच. मग पुन्हा सर येते आणि हवा २५ अंशांपर्यंत निवते. ५१ मधून २३ वजा केले की उरतात २८ ग्रॅम. गुंडाळलेल्या सायकलीभोवतीची हवा अर्धा घनमीटर धरली, तर १४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन छोटे चमचे पाणी पाऊस आत न जाताच तयार झाले. यातील बरेचसे कागदाच्या आतल्या पृष्ठावर जमते आणि तेथून सायकलीवर ठिबकते.

समजा, यातील चौथाईच पाणी, साडेतीन ग्रॅम, धातूवर पसरले. सायकलीच्या सर्व धातूचे पृष्ठफळ ढोबळमानाने एक चौरस मीटर धरा. भागाकार केला तर थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या साडेतीन पट येते. माणसाच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम विसाव्या हिश्शाएवढी! पण गंज चढण्यास इतका थर पुरेसा आहे. उघड्यावर राहिलेली सायकल पाऊस थांबल्यावर वाऱ्याने तासाभरात वरवर तरी वाळली असती. आपण तिला वाऱ्यापासून जपले, आणि रात्रभर ओली ठेवली.

इरल्याचे शहाणपण

कोकणात भाताची लावणी करणारी माणसे पूर्वी पाठीवर इरले घेत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचे आच्छादन. डोके व पाठ पावसापासून वाचे. पुढची आणि खालची बाजू मोकळी असे. वाकून काम करणाऱ्या माणसाचा घाम वाऱ्याने सुकत असे. अंगभर प्लास्टिक गुंडाळून शेतात उतरलेला माणूस पावसाने भिजत नाही, पण थोड्याच वेळात आपल्या घामाने भिजतो.

सायकलीला हवे आहे ते असे इरले. वरून येणारे पाणी अडवणारे, पण हवा खेळती ठेवणारे. हा नियम पटला की पुढचे सारे भूमितीचे काम आहे.

पाऊस सरळ खाली पडत असता तर सायकलीपेक्षा थोडे मोठे छप्पर पुरले असते. पण तो वाऱ्याबरोबर तिरका येतो. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वाराही तितक्याच वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २३ किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर थेंबाचा मार्ग ४५ अंशांनी कलतो. छपराची कड जमिनीपासून दोन मीटर उंच असेल, तर जमिनीवर पाऊस कडेपासून दोन मीटर आत येईल आणि एक मीटर उंचीवरील हँडलवर तो एक मीटर आतपर्यंत पोहोचेल. सायकलीची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास असते. म्हणजे दोन मीटर रुंदीचा, चारी बाजूंनी उघडा मांडव उंच खांबांवर उभा केला तर तो दिसायला छान दिसेल, सायकलींची चाके मात्र भिजतच राहतील.

आपल्याकडे पावसाळी वारे मुख्यत्वे पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतात. जुन्या कोकणी घरांत त्या बाजूची झड अडवण्यासाठी नारळाच्या झापांचा आडोसा लावीत, आणि घराला लागून उतरत्या छपराची पडवी असे. सायकलींसाठी हाच नमुना घ्यावा. आवाराच्या पश्चिमेकडील किंवा नैर्ऋत्येकडील कुंपणाच्या भिंतीलाच लागून पत्र्याची उतरती पडवी काढावी. भिंत झड अडवील. भिंतीचा माथा आणि पत्रा यांत वीतभर फट ठेवली तर हवा खेळेल, आणि पत्रा भिंतीबाहेर थोडा पुढे काढला की त्या फटीतून पाऊस येणार नाही. मोकळी बाजू वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला येईल. खाली माती न ठेवता उताराची फरशी घालावी, म्हणजे पाणी साचणार नाही. यात महागडे असे काहीच नाही.

छपराची एक उणीव

माझ्या मताला बाध येईल अशी एक गोष्ट मी लपवून ठेवू इच्छित नाही. पाऊस सायकल भिजवतो, तसाच तो तिच्यावरील मीठ आणि धूळ धुऊनही नेतो. समुद्राजवळच्या प्रदेशात आडोशाला असलेले लोखंड काही वेळा उघड्या लोखंडापेक्षा लवकर गंजते असे आढळले आहे, ते यामुळेच. आडोशात मीठ साठत जाते आणि दमट हवेत त्याला पाणी सुटते. म्हणून छप्पर दिले की आपले काम संपले असे नाही. पावसाने करावयाचे धुण्याचे काम मग आपल्याला करावे लागते.

ते काम आठवड्याला दहा मिनिटांचे आहे. नळाच्या गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने नळ्या, रिम आणि हँडल पुसावे. मग कोरड्या फडक्याने पुसावे. चेन पुसून तिच्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे थोडे थेंब सोडावेत, पेडल उलटे फिरवावे आणि वरचे जादा तेल पुसून घ्यावे. तेल कड्यांच्या फटींत हवे, बाहेर राहिले तर ते धूळ धरते. स्वयंपाकाचे शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल वापरू नये. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते चिकट होत जाते. तेल किंवा ग्रीस रिमला आणि ब्रेकच्या रबरांना मात्र अजिबात लागू देऊ नये. ब्रेकची तार वरचेवर तपासावी. तिचे धागे तुटू लागलेले दिसले तर त्याच दिवशी ती बदलावी. ज्या रस्त्यांवर अवजड गाड्या धावतात, त्या रस्त्यांवर ब्रेक ही चैनीची वस्तू नाही.

छप्पर मिळेपर्यंत काय करावे, असे कोणी विचारील. भिंतीवरील दोन खुंट्यांना किंवा दोन खांबांना दोरी बांधून तिच्यावर ताडपत्री तंबूसारखी टाकावी. ती सायकलीला टेकता कामा नये आणि खालून हातभर उघडी असावी. सीटवर वेगळी पिशवी घातली तरी चालेल, कारण सीट स्पंजासारखे पाणी पिते. मी ज्या मुलीला चुकीचा सल्ला दिला, तिच्यासाठी आम्ही सप्टेंबरमध्ये अशीच दोरी बांधली. तोपर्यंत चेन मात्र बदलावी लागली होती.

हे काम कोणाचे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोणी म्हणेल, एका सायकलीसाठी इतका खटाटोप कशाला? गंजली तर दुसरी घ्यावी. ज्याच्या दारात दोन मोटारी आहेत त्याला असे म्हणता येईल. परंतु ज्या घरात मुलाला किंवा मुलीला शाळेत पोहोचवणारी ती एकच वस्तू असते, तेथे गंजलेल्या चेनचा अर्थ बुडालेला तास असा होतो.

हे केवळ भावनेने म्हणत नाही. बिहार राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींसाठी सायकलींची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांच्या मते या योजनेमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्यात आले आहे. आठवी ते बारावी म्हणजे पाच पावसाळे. सायकल देताना आपण तिची किंमत मोजतो. ती हे पाच पावसाळे कोठे उभी राहणार, हेही तेव्हाच विचारायला हवे.

इमारतींच्या बाबतीत अडचण बहुधा पैशांची नसते, जागेच्या वाटणीची असते. मोटार उभी करण्यास साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. सायकलीला दोन मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे सव्वा चौरस मीटरही पुरते. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली राहतात. येथे खांबांवर उभ्या असलेल्या इमारतींत तर छप्पर आधीच आहे, झड पोहोचणार नाही असा कोपराही आहे. त्यातील एका मोटारीची जागा सायकलींना दिली, तर नवा पत्राही लागणार नाही. मोटारीच्या बाह्यांगाला कारखान्यात जस्ताचे आणि रंगाचे थरावर थर दिलेले असतात. तिला आपण छपराखाली ठेवतो, आणि उघडी चेन व उघड्या तारा असलेल्या सायकलीला पावसात. हा क्रम मला उलटा वाटतो.

शाळांना माझी विनंती आहे, की सायकलतळ हा आवारातील उरलेल्या जागेचा विषय मानू नये. विद्यार्थी वर्गात पाच-सहा तास असतो, तितके तास त्याची सायकल बाहेर भिजत असते. स्थानकांवर तर ती सकाळपासून रात्रीपर्यंत उभी राहते. तेथे नुसता कुलूप लावण्याचा दांडा पुरत नाही, वर छप्परही हवे.

तुम्ही करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. एकाच पुड्यातील पन्नास लोखंडी खिळे घ्या. ते जस्ताचा मुलामा नसलेले असावेत. साबणाने धुऊन, पॉलिशकागदाने घासून, वाळवून त्यांचे दहा-दहांचे पाच गट करा. पहिला गट उघड्यावर ठेवा. दुसरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून उघड्यावरच ओल्या जमिनीवर ठेवा. तिसरा छपराखाली हवेशीर जागी टांगा. चौथा मिठाच्या पाण्यात एकदा बुडवून तिसऱ्याच्या शेजारी टांगा. पाचवाही तसाच बुडवून टांगा, पण आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन कोरडा पुसा. जुलैचा महिनाभर रोज एका ठरावीक वेळी डाग मोजा आणि वहीत लिहा. प्लास्टिकच्या आत आणि बाहेर ओल्या व कोरड्या फुग्याचे तापमापक ठेवता आले तर उत्तमच. दोन्हींतील फरक आर्द्रता सांगेल.

माझा अंदाज मी येथे लिहून ठेवतो : तिसरा गट सर्वांत चांगला राहील, पाचवा चौथ्याहून बरा ठरेल आणि दुसरा पहिल्याहून बरा ठरणार नाही. तुमच्या खिळ्यांनी वेगळे उत्तर दिले, तर खिळे खरे आणि मी खोटा. मग का वेगळे आले ते शोधण्यात आणखी मौज आहे.

महिन्याच्या शेवटी ते पाचही गट एका पुठ्ठ्यावर बांधा, खाली तारखा लिहा, आणि तो पुठ्ठा घेऊन मुख्याध्यापकांकडे किंवा आपल्या इमारतीच्या सभेत जा. आमच्या इमारतीच्या येत्या सभेत मीही एक कागद घेऊन जाणार आहे. त्यावर नैर्ऋत्येकडील भिंतीला लागून काढलेल्या पडवीचा नकाशा आहे, आणि खाली दहा सायकलींची नावनिशी. यादीत पहिली सायकल कोणाची, हे सांगावयास नकोच.